तज्ज्ञ आहेत, पण प्रश्न दोघांच्या मधे पडलाय

‘शेतकरी कंपनीच्या (शेतकऱ्यांनी मिळून काढलेल्या कंपनीच्या) अध्यक्षाला सगळं कशाला कळायला हवं, तज्ज्ञ नेमले की झालं’ असं काही जण म्हणतात; ते मला अर्धंच पटतं. लातूर-परभणीकडच्या शेतकरी कंपन्यांचं सोयाबीन बियाणंच बघा. उगवण 70 टक्क्यांच्या खाली गेली की कृषी पदवीधर बीजप्रक्रियेकडे, म्हणजे पेरणीआधी बियाण्याला औषध लावण्याकडे, बोट दाखवतो. मळणीवाल्याला उगवणीशी देणंघेणं नाही, त्याला दिवसात जास्त पोती काढायची असतात. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि बियाणं मात्र वाया.

इथं अध्यक्षाची चौकस बुद्धी कामी येते. त्याच ढिगातल्या थोड्या शेंगा हातानं सोलून 100 दाणे घ्यायचे, यंत्रातून निघालेले 100 घ्यायचे, आणि दोन्ही ओल्या गोणपाटात शेजारी शेजारी उगवायला ठेवायचे. हातचे 85 उगवले आणि यंत्राचे 60, तर दोष ड्रमचा, म्हणजे मळणीयंत्रात दाणे झोडणाऱ्या फिरत्या पिंपाचा. सोयाबीनच्या दाण्याचं टरफल फार पातळ, अंकुर अगदी त्याच्या खाली; वरून दाणा चकचकीत दिसतो आणि आत मार बसलेला असतो. ओलावा 13-14 टक्के असताना ड्रमचे फेरे मिनिटाला 300 ते 400 च हवेत. ड्रमच्या 8 इंची पुलीवर (पट्टा फिरतो त्या चाकावर) 600 फेरे पडत असतील, तर तिथं 12 इंची बसवली की 400 वर येतात. (इंजिनचा वेग कमी करून भागत नाही, पंखा मंदावतो आणि भुसा दाण्यात येतो. म्हणून पंख्याचा पट्टा वेगळा ठेवायचा.) हा हिशेब कुठल्याही वर्कशॉपमध्ये पोराटोरांना येतो, फक्त बियाण्याच्या बैठकीत वर्कशॉपवाल्याला कुणी बोलावत नाही.