प्रति: 'स्वेट' आणि हवेचा रोख
ट्रम्प निवडून आल्यावर अमेरिकन नाटककार लिन नॉटेज बाईंनी हवेचा रोख बघून 'स्वेट' हे कारखान्यातल्या कामगारांवरचं नाटक लिहिलं, हा या चर्चेत कुणीतरी केलेला आरोप तारखांतच बसत नाही. नाटक ऑरेगनमध्ये 2015 सालीच रंगमंचावर आलं होतं. न्यूयॉर्कचे प्रयोग नेमके 2016च्या निवडणुकीच्या तोंडावर सुरू झाले, म्हणून तसं वाटतं एवढंच. पेनसिल्वेनियातल्या रेडिंगमध्ये जाऊन कामगारांशी बोलायला त्यांनी 2011च्या सुमारास सुरुवात केली होती. तीच सवय 'रुइन्ड' या त्यांच्या आधीच्या नाटकाच्या वेळची: युगांडात जाऊन काँगोतल्या निर्वासित बायकांशी बोलून मग लेखन. (त्याआधी काही वर्षं ॲम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेत नोकरी केलेली, त्याचा हा परिणाम असावा.)

या चर्चेत कुणी न लिहिलेली गोष्ट म्हणजे 'स्वेट'नंतर त्या रेडिंगला परत गेल्या. 2017 मध्ये तिथल्या फ्रँकलिन स्ट्रीटवरच्या ओस पडलेल्या रेल्वे स्टेशनात त्यांनी 'धिस इज रेडिंग' उभं केलं: भिंतींवर चित्रफिती, नाच, गावकऱ्यांचेच अनुभव. त्याच वर्षी 'स्वेट'ला पुलित्झर मिळालं, नाटकासाठीचं त्यांचं दुसरं. ते खिशात पडल्यावर गावाकडे ढुंकूनही पाहिलं नसतं, तरी कुणी जाब विचारला नसता.