विषय: युजर रिसर्चर पदाच्या मुलाखतीतील सादरीकरण

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

माझे शिक्षण मानसशास्त्राचे असून सध्या मी सिअॅटलमधील एका छोट्या कंपनीत युजर रिसर्चर आहे, म्हणजे लोक उत्पादन कसे वापरतात याचा अभ्यास करण्याचे माझे काम आहे. एका मोठ्या तंत्रज्ञान कंपनीतील याच पदासाठी रिक्रूटर आणि हायरिंग मॅनेजर यांच्याशी फोनवर बोलणे झाले असून आता पॅनेलपुढे पाऊण तासाचे सादरीकरण आणि पाठोपाठ स्वतंत्र मुलाखती आहेत. माझ्या सर्वांत चांगल्या अभ्यासात सहभागी पाचच होते. तो दाखवावा का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर:

नमस्कार. अशा पॅनेलवर मी अनेकदा बसले आहे. अभ्यास अवश्य दाखवा, मात्र पाचच का, हा प्रश्न येणार हे धरूनच चाला. वापरसुलभतेचे तज्ज्ञ याकोब नील्सन यांच्या, चाचणीला पाच जण पुरतात असे सांगणाऱ्या २००० सालच्या लेखाचे नाव घेऊन मोकळे होणारे उमेदवार पुष्कळ भेटतात. पण पाच जणांत वापरातल्या ८५ टक्के अडचणी सापडतात हे त्यातले गणित, एखादी अडचण एका सहभागीकडून उघड होण्याची शक्यता सरासरी ३१ टक्के असते या गृहीतावर उभे आहे, हे त्यांतल्या फार थोड्यांना सांगता येते. ‘पाचांपैकी तिघे अडखळले, म्हणजे ६० टक्के ग्राहक अडखळतात’ अशा अर्थाची स्लाइड असेल, तर ती आधी काढून टाका. इतक्या लोकांकडून अडचण कोठे आहे हे कळते, ती किती जणांना येते हे नाही.

कंपनीची ओळख दोन मिनिटांत आटोपा. प्रॉडक्ट मॅनेजर सर्वेक्षणाचा आग्रह धरत असताना आपण प्रत्यक्ष निरीक्षण का निवडले, त्यांना ते कसे पटवले आणि अहवालानंतर कोणता निर्णय बदलला, यावर वेळ द्या. काहीच बदलले नसेल, तर तेही कारणांसह सांगा. सारवासारव पॅनेलवरच्या इंजिनिअरांच्या चटकन लक्षात येते.

पुन्हा प्रश्न:

ताई, मनःपूर्वक आभार. कंपनीशी गोपनीयतेचा करार असल्याने बाजारात न आलेल्या उत्पादनाच्या स्क्रीन दाखवता येतील का?

उत्तर:

मुळीच नाही. जुन्या मालकाची गुपिते इथे उघड करणारा माणूस उद्या आमचीही करील, अशी शंका पॅनेलला येतेच. साधी रेखाटने वापरा, उत्पादनाचे नाव आणि आकडे वगळा, आणि करारामुळे ते वगळले आहेत हे सुरुवातीलाच सांगा. सहभागींचे चेहरे दिसणारे व्हिडिओही नकोत, कारण त्यांनी संमती त्या अभ्यासासाठी दिली होती, आपल्या मुलाखतीसाठी नव्हे.