विषय: ऑक्टोबरची सहल – जेम्सटाउन, विल्यम्सबर्ग, यॉर्कटाउन

सहल समितीकडून

नमस्कार मंडळी,

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या घोषणेला यंदा २५० वर्षं होताहेत, म्हणून आपल्या वॉशिंग्टन डी.सी. परिसरातल्या मराठी मंडळाची ऑक्टोबरची सहल व्हर्जिनियात न्यायची असं ठरतंय. चार दिवस, तीन रात्री, मुक्काम विल्यम्सबर्गला एकाच हॉटेलात. रोज बॅगा भरा, रोज सोडा ही कटकट नाही. जाताना वाटेत जॉर्ज वॉशिंग्टनचं घर माउंट व्हर्नन, मग जेम्सटाउन, विल्यम्सबर्ग आणि यॉर्कटाउन. सोबत पूर्णवेळ गाइड आहे. दुपारचं शाकाहारी जेवण आपण बरोबर नेऊ, बाकी तहानलाडू-भूकलाडू ज्याचे त्याने. १६ ते १९ ऑक्टोबर या तारखा चालतील का, ते कळवा. दरवर्षी १९ तारखेला यॉर्कटाउनला इंग्रजांच्या शरणागतीच्या स्मरणार्थ संचलन असतं, ते गाठायचा विचार आहे.

उत्तर, गेथर्सबर्गहून

समितीस नमस्कार.

कल्पना चांगली, पण जागा चुकली असं मला वाटतं. घोषणा झाली फिलाडेल्फियाला. लिबर्टी बेल आणि इंडिपेंडन्स हॉल सोडून २५० वं वर्ष साजरं करायचं म्हणजे पंढरपूरला जाऊन चंद्रभागेत डुबकी मारायची आणि देवळात न जाता परत यायचं. त्यापेक्षा तेवढ्याच चार दिवसांत बॉस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया करा. भारतातून आलेल्या आईवडिलांना तीन मोठी शहरं तरी दाखवता येतील. जेम्सटाउनला बघायला काय आहे? लाकडी कुंपण, एक विटांचा बुरूज आणि डास.

उत्तर, फेअरफॅक्सहून

काका, डासांचं मान्य. १६०७ मध्ये तिथे वसाहत करायला आलेल्या १०४ इंग्रजांनाही ती दलदलीची जागा भोवलीच. बाकीच्याशी मात्र माझं जमत नाही.

फिलाडेल्फिया आपल्याला सकाळी निघून रात्री परत यायच्या अंतरावर आहे, त्यासाठी मंडळाची सहल कशाला? आणि यंदा तिथे पाय ठेवायला जागा असेल का, शंकाच आहे. शिवाय स्वातंत्र्याचा ठराव मांडा असं फिलाडेल्फियाच्या काँग्रेसमधल्या आपल्या प्रतिनिधींना पहिल्यांदा स्पष्ट बजावलं ते व्हर्जिनियाच्या अधिवेशनाने, १५ मे १७७६ रोजी, विल्यम्सबर्गच्या कॅपिटॉलमध्ये, म्हणजे विधिमंडळाच्या इमारतीत. त्या आदेशावरून रिचर्ड हेन्री ली यांनी ७ जूनला फिलाडेल्फियात ठराव मांडला. गंमत अशी, की आज तिथे उभं असलेलं कॅपिटॉल हे ते नव्हेच. जुनी इमारत १७४७ मध्ये जळाली, दुसरी बांधली, हा निर्णय त्या दुसरीत झाला, आणि विसाव्या शतकात रॉकफेलरांच्या पैशातून पुन्हा उभारली ती पहिलीची प्रतिकृती! गाइडला तिथे हा प्रश्न जरूर विचारा. विल्यम्सबर्गमध्ये अस्सल अठराव्या शतकातल्या इमारती ऐंशीहून अधिक आहेत, बाकीचं गाव १९२६ नंतर पाया खणून, कागदपत्रं धुंडाळून पुन्हा बांधलेलं आहे. गव्हर्नरचा वाडासुद्धा. कुठली भिंत जुनी आणि कुठली नवी हे ओळखत फिरण्यात निम्मी मजा आहे, पण त्याला वेळ लागतो. एका दुपारी हे होत नाही. रस्त्यावरून हिंडायला तिकीट नाही, इमारतींत शिरायला आहे, हेही आधी सांगून ठेवते.

समितीने एक गोष्ट स्पष्ट करावी. आपण कुठल्या जेम्सटाउनला जाणार? एक राज्य सरकारचं संग्रहालय आहे, तिथे तीन जहाजांच्या प्रतिकृती आणि नवा बांधलेला किल्ला आहे. मुलांना ते आवडतं. खरी जागा शेजारच्या बेटावर, तिचं तिकीट वेगळं. मूळ किल्ला नदीने गिळला असं कित्येक वर्षं मानलं जात होतं. विल्यम केल्सो या पुरातत्त्वज्ञाने १९९४ मध्ये तिथे खणायला घेतलं आणि किल्ला जवळजवळ सगळा जमिनीतच सापडला. फक्त एक कोपरा पाण्यात गेला होता. उत्खनन अजून चालू आहे. खड्ड्यात उतरलेली माणसं डोकं वर काढून आपल्याशी बोलतात.

१६०९-१० च्या हिवाळ्यात तिथे सुमारे ३०० पैकी ६० च्या आसपास माणसं उरली. घोडे, कुत्री, उंदीर, साप, सगळं खाऊन झालं. २०१२ मध्ये केरकचऱ्याच्या थरात चौदा वर्षांच्या एका मुलीची कवटी मिळाली, तिच्यावर मांस काढल्याच्या सुरीच्या खुणा होत्या. संशोधकांनी तिला ‘जेन’ म्हटलं. बेटावरच्या संग्रहालयात ती आहे. लहान मुलं बरोबर असतील त्यांनी हे दालन आधी आपण पाहून मग ठरवावं.

आणि यॉर्कटाउन. तिथे हरलेला इंग्रज सेनापती लॉर्ड कॉर्नवॉलिस आपल्या इतिहासाच्या पुस्तकातलाच. फ्रेंच आरमाराने सप्टेंबरमध्ये चेसापीक उपसागराचं तोंड बंद केलं, जमिनीवरून वॉशिंग्टन आणि फ्रेंच सेनापती रोशांबो यांनी वेढा आवळला. १४ ऑक्टोबरच्या रात्री इंग्रजांचे ९ आणि १० क्रमांकाचे बुरूज पडले, आणि १९ ऑक्टोबर १७८१ ला कॉर्नवॉलिसने शरणागती पत्करली. स्वतः मात्र आला नाही. आजारी असल्याचं सांगून ओहारा या दुय्यम अधिकाऱ्याला पाठवलं. ओहाराने तलवार आधी फ्रेंच सेनापतीपुढे धरली, त्याने वॉशिंग्टनकडे बोट दाखवलं, आणि वॉशिंग्टनने आपल्या दुय्यमाकडे, बेंजामिन लिंकनकडे. हा लिंकन म्हणजे आदल्या वर्षी चार्ल्सटनला इंग्रजांपुढे मान खाली घालावी लागलेला माणूस. फिटंफाट!

त्या दिवशी आपल्याकडे पहिलं इंग्रज-मराठा युद्ध चालूच होतं, सालबाईचा तह पुढच्या मे महिन्यातला. पाच वर्षांनी हाच कॉर्नवॉलिस गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला उतरला. १७९१ मध्ये टिपूच्या श्रीरंगपट्टणहून त्याला माघार घ्यावी लागली, बैल मेले, धान्य संपलं, मोठ्या तोफा स्वतःच निकामी केल्या. तेव्हा हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन फौजा घेऊन येऊन पोचले आणि मराठी छावणीच्या बाजाराने त्याची उपाशी पलटण जगवली. शिंदे-होळकरांशी चाललेलं युद्ध मिटवायला तो १८०५ मध्ये पुन्हा आला, आणि त्याच वर्षी गाझीपूरला वारला. कबर तिथेच आहे. यॉर्कटाउनच्या मैदानावर उभं राहून हे कुठलाही अमेरिकन गाइड सांगणार नाही. ते पाचेक मिनिटांचं काम माझ्याकडे द्या.

उत्तर, रॉकव्हिलहून

ताई, तुमची मेल आईला मोठ्याने वाचून दाखवली. ती म्हणते, परशुरामभाऊंसाठी तरी मी येणार. पण तिचे गुडघे! विल्यम्सबर्गचा मुख्य रस्ता मैलभर लांब आहे आणि तिथे गाड्यांना मज्जाव, असं ऐकलंय. चाकाची खुर्ची मिळेल का?

दुसरं, १९ तारीख म्हणजे यंदा ऐन नवरात्र. दसरा २० ला. त्या शनिवार-रविवारी भोंडला ठेवा असं आम्हा बायकांचं आधीच ठरलंय, खिरापतीच्या याद्याही झाल्या. संचलनासाठी भोंडला मोडणार नाही, एवढं सांगते.

आणि माझ्या सोळा वर्षांच्या लेकीचा प्रश्न जसाच्या तसा: गुलामांबद्दल दाखवणार आहेत, की नुसते विग आणि चांदीची भांडी?

उत्तर, फेअरफॅक्सहून

लेकीला सांगा, मुद्दा बरोबर आहे. अठराव्या शतकातल्या विल्यम्सबर्गची निम्म्याहून जास्त वस्ती कृष्णवर्णीयांची होती, त्यातले बहुतेक गुलाम. पूर्वी तिथे हे तोंडी लावण्यापुरतं असायचं, आता तसं नाही. कृष्णवर्णीय मुलांसाठी १७६० मध्ये सुरू झालेल्या ब्रे शाळेची इमारत इतकी वर्षं विद्यापीठाच्या आवारात नाव विसरून उभी होती. २०२० मध्ये ती ओळखली गेली आणि २०२३ मध्ये उचलून जुन्या गावात आणली. शाळेचा हेतू काही फार उदात्त नव्हता. वाचायला शिकवायचं, आणि त्या वाचण्यातूनच गुलामी ही देवाची इच्छा असं मनावर ठसवायचं. अक्षर आल्यावर मुलं आणखी काय काय वाचतील, यावर शाळा काढणाऱ्यांचा इलाज नव्हता. माउंट व्हर्ननलाही गुलामांची दफनभूमी आहे. वॉशिंग्टन वारला तेव्हा तिथे ३१७ गुलाम होते, पैकी १२३ त्याच्या मालकीचे. मृत्युपत्रात त्याने मुक्त करायला सांगितलं ते फक्त या १२३ ना. गाइड जर नुसत्या भिंतींच्या रंगाबद्दल बोलत राहिला तर लेकीनेच विचारावं.

संचलनाचा हट्ट माझा नाही. त्या दिवशी गर्दी असते, तोफांचे खंदक निवांत बघायचे तर दुसरा कुठलाही दिवस बरा.

सहल समितीकडून

सगळ्यांची मतं वाचली. भोंडल्यापुढे कॉर्नवॉलिसने पुन्हा माघार घेतली आहे: सहल आता १ ते ४ ऑक्टोबर, गुरुवार ते रविवार. जेम्सटाउनचं बेट पहिलं, प्रतिकृती जहाजं वेळ उरला तर. विल्यम्सबर्गला दीड दिवस दिला आहे. चाकाची खुर्ची ज्यांना लागेल त्यांनी नाव देतानाच लिहा, आम्ही हॉटेलशी आणि स्थळांशी बोलून ठेवतो. गेथर्सबर्गच्या काकांसाठी फिलाडेल्फियाची एक दिवसाची बस उन्हाळ्यानंतर वेगळी काढू. त्यांनी किमान वीस जण जमवावेत.

डासांचं मलम समिती आणेल. बसमध्ये अंताक्षरी होणारच, ज्यांना झोपायचंय त्यांनी मागच्या रांगा धराव्यात.