एम-वनच्या इनसेमला ३० पैकी ७. वही पूर्ण आहे, मग असं का झालं?

औश्याचा_पोरगा

नमस्कार दादा-ताई. मी लातूर जिल्ह्यातला, औसा तालुका. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग अकरावी-बारावी लातूरला ट्यूशन एरियात खोली करून. सीईटीला ९३ पर्सेंटाइल पडले आणि पुण्यात मेकॅनिकलला नंबर लागला. सध्या नऱ्ह्याला कॉट बेसिसवर राहतो, एका खोलीत चौघं.

काल एम-वनच्या, म्हणजे फर्स्ट इयरच्या गणिताच्या, इनसेमचे (टर्मच्या मधल्या परीक्षेचे) मार्क लागले. ३० पैकी ७.

मी लेक्चर बुडवत नाही. दुसऱ्या बाकावर बसतो. सर फळ्यावर लिहितात ते सगळं उतरवतो, रात्री खोलीवर येऊन फेअर वहीत परत लिहितो, हेडिंग निळ्या पेनानं, गणित काळ्या. परीक्षेच्या आधी ती वही दोनदा वाचली. पेपर हातात आला तेव्हा फोरियर सिरीजचा प्रश्न बघून वाटलं, हा तर आपण केलाय. पहिली ओळ लिहिली, आणि पुढं हातच चालेना. माझ्या खोलीतला एक जण शेवटच्या बाकावर बसतो, त्याची वही अर्धी कोरी. त्याला २१.

लातूरला असं नव्हतं. तिथं सर नोट्स द्यायचे, दर रविवारी टेस्ट, संध्याकाळपर्यंत रँक व्हॉट्सॲपवर. इथं कोणी विचारतच नाही अभ्यास केला का म्हणून. वडिलांचा फोन आला तर पेपर चांगला गेला म्हणून सांगितलं. खोलीचं डिपॉझिट सोयाबीन विकून भरलंय, त्यांना ७ कसे सांगू.

विचारायचं असं की रोज किती तास बसायला पाहिजे? कोणाच्या नोट्स चांगल्या? इंग्रजीमुळं होत असेल का? कृपया कोणी हसू नका.

बॅकबेंचर_९९

भावा लायटीत घे. इनसेम आहे ती. टर्म संपताना एंडसेम असते ती ७० ची. शेवटचे ५ दिवस मागचे पेपर मार, सुटतंय. आम्ही सगळे असेच सुटलो.

चौथ्यांदा_सुटला

वरच्या भावाचं अर्धं ऐक. मागचे पेपर सोडवायचे हे बरोबर, शेवटचे ५ दिवस हे चूक. त्याच्यासारखे सुटले ते बोलतात, राहिले ते इथं लिहायला येत नाहीत.

माझं आधी सांगतो. मी करमाळ्याचा. २००६ ला पुण्यात फर्स्ट इयरला आलो. तेव्हा पेपर १०० चा, पासिंग ४० ला. एम-वनला मला २३ पडले. मग ३१. मग ३८. तिसऱ्या वर्षाला जायचं तर पहिल्या वर्षाचा एकही विषय अडकलेला चालत नसे, म्हणजे मे २००८ चा पेपर हा शेवटचा डाव, नाहीतर वायडी, इयर डाउन, म्हणजे वर्ष वाया. माझीही तुझ्यासारखीच वही होती. दीड वर्षात ती तीनदा नव्यानं लिहून काढली होती, अक्षर मोत्यासारखं. अभ्यासाला बसलो की मी तीच वाचत असे, आणि वाचताना सगळं येत असे.

त्या एप्रिलात गावाहून परत येताना भिगवणला चहाला उतरलो. चढलो तो दुसऱ्याच गाडीत. दोन्ही स्वारगेटच्या, दोन्ही लाल. पिशवी पहिल्या गाडीत राहिली, वही त्यात. स्वारगेटला डेपोत तीन दिवस हेलपाटे घातले, कंट्रोलरनं शेवटी चहा पाजून घरी पाठवलं. परीक्षेला तीन आठवडे. माझ्याकडे उरले फक्त जुन्या पेपरांचे झेरॉक्स. प्रश्न होते, उत्तरं नव्हती. नाइलाजानं कोऱ्या कागदावर बसलो. पहिल्या दिवशी ५ तासांत दोन गणितं झाली, त्यातलं एक चूक. आमच्याकडे विहिरीत पोहायला शिकवताना पोराच्या पाठीला डबा बांधतात, तो सुटल्याशिवाय कळत नाही आपल्याला येतं की नाही. माझा डबा त्या एसटीत राहिला. त्या पेपरला ५२ पडले.

आज मी एका कॉलेजात हाच विषय शिकवतो. म्हणून तुझ्या पोस्टमधली एक गोष्ट मला खटकली. तुला वाटतंय लातूरला नोट्स होत्या म्हणून जमलं. नोट्समुळं नाही रे. रविवारच्या टेस्टमुळं. दर सात दिवसांनी कोणीतरी तुझ्या हातातली वही काढून घेत होतं आणि आता दाखव म्हणत होतं. इथं आल्यावर तू नोट्स स्वतः काढायला लागलास आणि रविवार मात्र सोडून दिलास.

दुसरं, सीईटीत उत्तर समोरच असतं. चारातलं एक. गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत, निगेटिव्ह मार्किंग नाही. तिथं ओळख पटली की भागतं, दोन पर्याय उडवले की तिसरा सापडतो. इथं कोरं पान. "हा तर आपण केलाय" हे वाटणं सीईटीत मार्क देतं, इथं काहीच देत नाही.

तास विचारू नकोस. आज जे गणित वर्गात झालं ते आज रात्रीच, वही बंद करून. कागदावर फक्त प्रश्न उतरव. अडलास की लगेच वही उघडायची नाही, ५ मिनिटं अडून बस. फार अवघड जातं ते, मोबाइल हातात यायला लागतो. मग वही उघड, एकच ओळ बघ, बंद कर. जिथं अडलास तिथं समासात लाल फुली. अशी रोज चार गणितं झाली तरी पुष्कळ. रविवारी सकाळी आठवड्यातली फक्त फुल्यांची गणितं, घड्याळ लावून एक तास. फेअर वही आजपासून बंद. तो वेळ हस्ताक्षराला गेला, अभ्यासाला नाही.

उत्तर तपासायची सवय लाव, कारण बंद वहीत तपासायला कोणी नसतं. तुमचा पुढचा भाग मॅट्रिक्सचा येईल, त्यातलंच घे. दोन बाय दोनची मॅट्रिक्स, वरची ओळ ४ आणि १, खालची २ आणि ३. आयगेन व्हॅल्यू काढायच्या, म्हणजे मॅट्रिक्सनं गुणल्यावर एखादा व्हेक्टर जितक्या पटीत तसाच परत येतो तो आकडा. कॅरॅक्टरिस्टिक इक्वेशन येतं लॅम्डा वर्ग वजा ७ लॅम्डा अधिक १० बरोबर शून्य, उत्तर ५ आणि २. आता पुढं जायच्या आधी दोन गोष्टी बघ. डायगोनलची बेरीज ४ अधिक ३, म्हणजे ७. आपल्या उत्तरांची बेरीज ५ अधिक २, तीही ७. डिटरमिनंट म्हणजे तिरप्या गुणाकारांची वजाबाकी, १२ वजा २, म्हणजे १०. उत्तरांचा गुणाकारही १०. जुळलं. मी दरवर्षी बघतो, पोरं चिन्ह चुकवून वजा ५ आणि वजा २ काढतात आणि त्याच्यावर पुढची दोन पानं व्हेक्टर काढत बसतात. बेरीज वजा ७ आली असती, पाच सेकंदांत कळलं असतं. व्हेक्टरही तसाच तपासायचा. ५ साठी १, १ आला ना? मॅट्रिक्सनं गुणून बघ, वर ४ अधिक १, खाली २ अधिक ३, दोन्हीकडे ५. बरोबर आहे, पुढं चल.

आणि पेपर तपासणारा म्हणून एक सांगतो. प्रश्न कोरा सोडू नकोस. फॉर्म्युला लिहिलास, किमती घातल्यास आणि पुढं अडलास तरी त्या पायऱ्यांचे मार्क देता येतात. कोऱ्या पानाला मी मनात असूनही काही देऊ शकत नाही.

वडिलांना ७ सांग. मी तीनही वेळा लपवलं होतं, चौथ्या वेळी पास झालेलंसुद्धा त्यांना खरं वाटेना.

जर्नलवाली

सर म्हणाले ते झालंच. मी थर्ड इयरला आहे, मुलगी म्हणून खोलीवर राहायचे वेगळे त्रास ते जाऊ देत. पण चौघांच्या खोलीत रात्री वही बंद करून बसणं म्हणजे काय हे सर विसरलेत बहुतेक. एकाचं रील, एकाचा फोनवर "जेवलीस का", एकाची झोप. कॉलेजची लायब्ररी किती वाजेपर्यंत असते ते बघ आणि लेक्चर संपल्यावर खोलीवर न जाता तिथंच दीड तास काढ. एकदा नऱ्ह्याला पोचून चप्पल काढलीस की दिवस संपला.

दुसरं, सबमिशन. आत्ता तुला फक्त एम-वन दिसतंय. टर्म संपताना जर्नल, असाइनमेंट, ड्रॉइंगच्या शीट सगळं एकाच आठवड्यात अंगावर येतं, नेमकं एंडसेमच्या तोंडावर. तेव्हा सगळे काचेखाली बल्ब लावून जीटी, म्हणजे ग्लास ट्रेसिंग, मारत बसतात, दुसऱ्याची शीट खाली ठेवून. मीही मारली, पहाटे चारपर्यंत, आणि दुसऱ्या दिवशी मेकॅनिक्सचा एफबीडी (वस्तूवरच्या बलांची आकृती) काढताना डोळे मिटत होते. प्रॅक्टिकल झालं त्याच आठवड्यात जर्नल लिहून सही घे. यात हुशारी काहीच लागत नाही.

इंग्रजीचं विचारलंयस. हो, थोडं असतं, पण वाटतं तेवढं नाही. मी पण मराठी माध्यमाची. अकरावीत "विथ रिस्पेक्ट टू एक्स" वाचून मला वाटलं होतं एक्सला मान द्यायचाय. कोणाला विचारायची लाज, दोन महिने तसंच. वहीच्या शेवटच्या पानावर असे शब्द लिही: हेन्स, सच दॅट, व्हेरिफाय, ऑब्टेन. पेपरात तेच तेच येतात, पन्नासच्या वर जात नाहीत. आणि वर्गात शंका मराठीत विचार. आमच्या कॉलेजात तरी निम्मे सर उत्तर मराठीतच देतात.

मनाची_वही

मी मानसशास्त्र शिकते, गणिताशी वैर आहे. पण चौथ्यांदा_सुटला यांना एसटीनं जे शिकवलं त्याच्यावर प्रयोग झालेला आहे म्हणून लिहिते. रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी अमेरिकेत केला, २००६ साली छापून आला. विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी उतारा परत वाचला, काहींनी तो न बघता आठवून लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तर परत वाचणारे पुढे, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानं विचारलं तर उलटं, वाचणारे ४२ वर आणि आठवून लिहिणारे ५६ वर.

मला त्यातलं पाच मिनिटांचं जास्त महत्त्वाचं वाटतं. वही वाचून मिटली की खरोखरच जास्त येत असतं, म्हणून आपला विश्वास बसतो. तू स्वतःला फसवत नव्हतास, तुला त्या क्षणी खरंच येत होतं. तो प्रयोग उताऱ्यांवर होता, गणितावर नव्हता, हेही सांगून ठेवते, नाहीतर सर मला धरतील.

चौथ्यांदा_सुटला

धरणार नाही. त्या खोलीचं मात्र ताईंचं बरोबर आहे. मी हॉस्टेलच्या जिन्यात बसायचो ते विसरलोच होतो.

औश्याचा_पोरगा

सगळ्यांचे आभार. थोडं उशिरा लिहितोय, मुद्दाम रविवार जाऊ दिला.

पाच दिवस लायब्ररीत बसलो. पहिल्या दिवशी एकच गणित झालं आणि खूप राग आला, कारण तेच गणित माझ्या फेअर वहीत दोन रंगांत लिहिलेलं आहे. आज सकाळी ९ ते १० फुल्यांची ६ गणितं घेतली. २ पूर्ण बरोबर, एक शेवटच्या ओळीत चुकलं, तीन अडली. तिन्ही एकाच ठिकाणी अडली. पार्शल डिफरन्सिएशनमध्ये एक्स आणि वाय दोन्ही आर आणि थीटामध्ये दिले की कशाला स्थिर धरायचं तेच कळत नाही. वाचताना हे कधी जाणवलंच नव्हतं.

शेवटच्या बाकावरच्या मित्राला विचारलं तुला २१ कसे. तो म्हणाला, मी वर्गात लिहीत नाही, सर प्रश्न सांगतात तोवर मी मागं सोडवून बघतो, चुकलं तर फळ्यावर बघतो.

घरी फोन केला. वडील म्हणाले सात म्हणजे तीसातले का शंभरातले. तीसातले म्हटलं. मग बरं, म्हणाले आणि आईकडे फोन दिला.

चौथ्यांदा_सुटला

त्या तीनपैकी कुठल्याही एकाचा फोटो टाक. खाडाखोड झाकू नकोस, तसाच टाक.