नाट्यशाळेची पायरी न चढता अभिनयात आलेल्यांनो, लिहा (ठाणे, नवी मुंबई)

दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय, पुण्याचं ललित कला केंद्र, विद्यापीठाचा नाट्यविभाग, यातलं काहीच न करता कामं मिळवणारे आपल्या भागात पुष्कळ आहेत. ठाण्यातलं एक नाट्यगृह ज्यांच्या नावाचं, ते काशिनाथ घाणेकर दातांचे डॉक्टर होते, हे मी घरी नेहमी ऐकवायचे. आई म्हणायची, "त्यांच्याकडे दवाखाना होता, तुझ्याकडे काय आहे?" प्रश्न रास्त आहे. म्हणून स्फूर्तिकथा नकोत. काम कुठे शिकलात आणि घर कसं चालवलंत, ते लिहा.

कळव्याहून:
माझी शाळा म्हणजे कॉलेजची एकांकिका. त्यातही पहिली दोन वर्षं मला भूमिका नव्हतीच, नेपथ्य उचलायचो. पण तालमीला रोज कुणी ना कुणी दांडी मारायचं आणि त्याची प्रॉक्सी माझ्या गळ्यात पडायची. आज सासरा, उद्या हवालदार, परवा नायिकासुद्धा. बघता बघता अख्खी संहिता पाठ झाली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे समोरच्याचं वाक्य ऐकायची सवय लागली. आयएनटी या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या प्राथमिक फेरीआधी एक जण आजारी पडला आणि मी उभा राहिलो. पुढे व्यावसायिक नाटकातही रिप्लेसमेंट म्हणूनच शिरलो. रिप्लेसमेंटला कमी समजणारे लोक आहेत, मला तरी तो सगळ्यात सरळ दरवाजा वाटतो. फक्त नाइट, म्हणजे मानधन, प्रयोगाची मिळते, तालमीचे बहुधा काही नाही. पावसाळ्यात प्रयोग रोडावतात. मी शिकवण्या सोडलेल्या नाहीत.

ऐरोलीहून:
नोकरी सांभाळून राज्य नाट्य स्पर्धेत कामं केली. पन्नाशीजवळ आल्यावर मालिकेत आत्या, शेजारीण अशा भूमिका मिळू लागल्या. सेट घोडबंदरच्या बाजूला असतो, त्यामुळे प्रवास सुसह्य. मालिकेचे पैसे साधारण तीन महिन्यांनी येतात, त्यातून १० टक्के टीडीएस आधीच कापलेला. विवरणपत्र भरलं तर कर बसत नसलेल्यांना तो परत मिळतो. आमच्यातली कितीतरी पोरं ते भरतच नाहीत!

कोपरखैरण्याहून:
कुणी ऑडिशनसाठी, "कार्ड"साठी (म्हणजे कलाकाराच्या ओळखपत्रासाठी) पैसे मागितले की उठायचं. काम मिळाल्यावर ते मिळवून देणारा कोऑर्डिनेटर कमिशन घेतो, ती वेगळी गोष्ट. महागडं फोटोशूटही लागत नाही. उजेडाकडे तोंड, साधी भिंत, नाव, वय, उंची, दोन्ही बाजूंचे प्रोफाइल, झालं.

घणसोलीहून:
मी रंगमंचावरून कॅमेऱ्यापुढे आलो तेव्हा दिग्दर्शक सारखा म्हणायचा, "कमी कर." गडकरी रंगायतनच्या बाल्कनीपर्यंत पोचवायची सवय, इथे माइक शर्टाच्या आत. आवाज कमी करणं लवकर जमलं, कंटिन्यूटीने मात्र छळलं. मास्टरमध्ये, म्हणजे अख्खा सीन एकत्र घेतात त्या शॉटमध्ये, "बस खाली" म्हणताना कप डाव्या हातात असेल, तर क्लोजअपमध्येही त्याच शब्दाला डाव्याच हातात. दुपारी मास्टर, रात्री क्लोज, मधे दुसराच सीन. हे मला एका ज्येष्ठ बाईंनी जेवणाच्या सुट्टीत शिकवलं: मास्टरमध्ये हातांना कामंच कमी द्यायची. कुठल्या वर्गात हे शिकवतात की नाही, माहीत नाही. माझं काम शून्य असलं तरी मी सेटवर थांबतो. मेकअप रूममध्ये मोबाईल बघत बसणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

नौपाड्याहून:
धाग्याचा सूर मला पूर्ण पटत नाही. मीही अशीच आले. अभिनय कट्ट्यासारख्या ठिकाणी चार लोकांसमोर उभं राहायची भीड चेपते, ते खरंच मोलाचं. पण लागोपाठ प्रयोग लागले तेव्हा माझा घसा बसला, कारण मी गळ्यातून ओरडत होते. श्वास पोटातून घ्यायचा हे तोवर कुणी नीट बसवून घेतलंच नव्हतं. स्पर्धेतला दिग्दर्शक तुमची भूमिका बसवतो, तुमचा आवाज नाही. त्याला महिन्याभरात एकांकिका उभी करायची असते. शेवटी एका गाणाऱ्या बाईंकडे जाऊ लागले. त्या नाटक बघतही नाहीत. आठवड्यातून दोनदा नुसता खर्ज, म्हणजे खालचे स्वर, लावून घेतात. फी मालिकेच्या एका दिवसाच्या मानधनातून महिनाभराची निघते, मालिका चालू असेल तेव्हा.