जुनी गाडी घेताना काय पाहिलंत, काय पाहायचं राहिलं?

रानजाई
काल रात्री भाच्याचा फोन आला. "मावशी, गाडी बघून ठेवलीय. ११ वर्षांची आहे, पण रनिंग फक्त ४८ हजार. रविवारी येशील ना बरोबर?" हो म्हटलं, फोन ठेवला आणि आमची पहिली गाडी डोळ्यासमोर आली.

तीही जुनीच होती. दुपारी बघायला गेलो. अर्ध्या चावीत सुरू झाली, आवाज अगदी गुळगुळीत. बोलता बोलता मी बॉनेटवर हात टेकला आणि पटकन उचलला, इतकं तापलेलं होतं. "तुम्ही येणार म्हणून आत्ताच एक फेरी मारून आणली," मालक म्हणाले. मला बापडीला वाटलं, किती काळजी घेतात गाडीची!

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात चार वेळा चावी फिरवावी लागली. पाचव्यांदा सुरू झाली ती निळा धूर ओकतच. शेजारच्या आजींनी खिडकी लावून घेतली, तो खिडकीचा आवाज अजून कानात आहे. मेकॅनिक म्हणाला, व्हॉल्व्हचे सील गेलेत. गाडी रात्रभर उभी राहिली की ऑइल हळूहळू आत झिरपतं आणि सकाळी पहिल्या स्टार्टला जळतं. इंजिन गरम असताना बघितलं तर पत्ताच लागत नाही.

रविवारी पोराबरोबर नुसतं उभं राहायला जायचं नाहीये मला. तुमच्यावर काय काय गुजरलं ते लिहा. जे हाताला, नाकाला, कानाला कळलं ते सांगा.

मुसाफिर
फोनवरच बजावायचं, "मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका." आणि पोचल्यावर बोलणं नंतर, आधी बॉनेटवर हात. गरम लागलं तर परत फिरायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता जायचं. मी दोनदा असं केलंय. एक मालक चिडले, दुसऱ्यांनी हसून गाडी दाखवली. दुसऱ्यांची घेतली, ९ वर्षं वापरतोय.

कुंदकळी
रानजाई, शेजारच्या आजींची खिडकी 😄 आमच्याकडे शेजारचे आजोबा धूर बघून बादली घेऊन धावले होते!

स्पॅनर_दादा
२२ वर्षं हेच काम करतोय. गिऱ्हाईक गेलंय, हात पुसून लिहितो, तुटक वाटलं तर समजून घ्या.

ताई, धुराचा रंग बघायला शिका. निळा म्हणजे ऑइल जळतंय. फक्त पहिल्या स्टार्टला भपका येऊन थांबला तर बहुतेक सील. चालवताना, पिकअप घेताना सतत येत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, आणि ते मोठं काम. काळा म्हणजे इंधन जास्त जातंय. पांढऱ्याची गंमत वेगळी. गारठ्यात सकाळी सायलेन्सरमधून पातळ वाफ येते, ती पाण्याची असते, थोड्या वेळात जाते. तिला घाबरू नका. पण इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येतच राहिला आणि गोडसर वास आला तर कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) आत जातंय. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधलं पॅकिंग, गेलंय. तिथून निघा.

मग बॉनेट उघडा. इंजिन थंड असतानाच कूलंटचं झाकण काढा (गरम असताना हात लावू नका, तोंडावर उडतं, माझ्या मनगटावर अजून डाग आहे). वर तेलाचा तवंग नको. गाडी सुरू केल्यावर त्यात सतत बुडबुडे नकोत. ऑइल टाकायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पांढुरका चिकट थर दिसला तर सावध व्हा. गाडी रोज अगदी जवळच फिरत असेल तर वाफ साचूनही थोडा थर धरतो, म्हणून डिपस्टिकही (ऑइल मोजायची सळई) बघा. दोन्हीकडे दिसला तर पाणी ऑइलमध्ये उतरलंय.

इंजिन सुरू ठेवून ऑइलचं झाकण (कूलंटचं नव्हे) हळूच सैल करा. धुराचे झोत फकफक बाहेर यायला लागले तर इंजिन बॅक कंप्रेशन मारतंय. म्हणजे रिंगा, सिलेंडर झिजलेत. डिझेल गाडीत तर हे बघितल्याशिवाय मी बोलणीच करू देत नाही.

गिऱ्हाईक आलं. उरलेलं नंतर.

रानजाई
दादा, वहीत उतरवून घेतेय सगळं. मनगट जपा.

तिन्हीसांज
वासावरून लिहिते. आम्ही घेतलेल्या गाडीत बसल्या बसल्या छान सुगंध आला. तीन तीन एअर फ्रेशनर लावलेले. आठवड्याभरात ते संपले आणि खालचा वास वर आला. ओल्या गोणपाटासारखा, काचा बंद केल्या की गुदमरायला व्हायचं. दर पावसात वाढायचा. मग एक एक दिवे बंद पडायला लागले, काचा मध्येच अडकायच्या. इलेक्ट्रिशियनने कार्पेट उचललं तर खालचा फोम दाबल्यावर पाणी सुटलं! गाडी पुरात बुडालेली होती.

त्याने मला सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढायला लावला. वरचा भाग स्वच्छ धुतलेला, आणि जो कायम गुंडाळलेला असतो तिथे मातकट रेघ. सरळ, पट्टीने आखल्यासारखी. पाणी तिथवर चढलं होतं. मी ती रेघ बोटाने पुसत बसले होते, जात नव्हती. त्या गाडीत माझं तान्हं बाळ मागे बसायचं.

तेव्हापासून कोणीही गाडी बघायला नेलं की मी आधी बेल्ट ओढते. मग स्टेपनी उचलून खालचा खळगा बघते, सीटच्या रुळांना गंज आहे का ते बघते.

कुंदकळी
@तिन्हीसांज अगं, वाचूनच पोटात कालवलं. बाळ ठीक आहे ना आता?

तिन्हीसांज
बाळ आता सायकल शिकतंय 🙂 गुडघे फुटलेत दोन्ही.

अर्धविराम
रानजाई, भाच्याला सांगा, ४८ हजार हा आकडा आहे, पुरावा नाही. मीटर मागे फिरवता येतं, डिजिटल असलं तरी. ब्रेकच्या पेडलचं रबर बघा. ४८ हजारात त्यावरच्या रेघा दिसायला हव्यात. मी बघितलेल्या एका गाडीला मीटर ५२ हजार दाखवत होतं आणि पेडल तळहातासारखं सपाट! एका कडेला तर लोखंड दिसत होतं. दुसऱ्या एका गाडीत ब्रेकचं रबर नवं कोरं आणि क्लचचं झिजलेलं, तेही तितकंच वाईट. स्टिअरिंगवर हात जिथे धरतात तिथे चकाकी, गिअरच्या मुठीवरचे आकडे पुसलेले, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड बसलेली. हे सगळं एकमेकांशी जुळायला हवं.

टायरच्या बाजूला कोडच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. २००० सालापासून अशी पद्धत आहे. रनिंग ३० हजार सांगतात आणि चारही टायर नवे, मग मूळचे कुठे गेले? वयामुळे बदलले असतील, तेही शक्य आहे. विचारा, उत्तर देताना माणूस कुठे बघतो ते बघा.

नवखा_प्रवासी
ऑटोमॅटिकबद्दल कुणी सांगेल का? बायकोसाठी बघतोय.

मुसाफिर
डिपस्टिक असेल तर गिअरबॉक्सचं ऑइल बघा. चांगलं ऑइल बहुतेक गाड्यांत लालसर, पारदर्शक. तपकिरी-काळं आणि जळका वास म्हणजे आतले क्लच जळलेत. आता बऱ्याच गाड्यांना ती डिपस्टिकच नसते, मग मेकॅनिककडून बघून घ्या. ब्रेक दाबून डी आणि आर मध्ये टाका. गिअर पडायला वेळ लागला किंवा धाडकन पडला तर नको. आणि गरम झाल्यावर परत तेच करा. माझ्या मेहुण्याची गाडी पहिली २० मिनिटं राणीसारखी चालायची, मग चढावर गिअरच धरायची नाही.

पाटीपेन्सिल
विषयाला थोडं सोडून आहे, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. बाबांनी त्यांची गाडी १८ वर्षांनी विकली तेव्हा घेणाऱ्या मुलाला डायरी दिली. प्रत्येक वेळी कधी ऑइल बदललं, किती किलोमीटरला, कुठला आवाज आला, सगळं बारीक अक्षरात. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, "डावा मागचा दरवाजा जरा उचलून लावावा." तो मुलगा ते वाचून किती तरी वेळ गप्प उभा होता. बाबा आता नाहीत. गाडी अजून दिसते कधी कधी रस्त्यात, मी थांबून बघते.

रानजाई
पाटीपेन्सिल... 💛 अशा डायरीवाल्याची गाडी मी डोळे झाकून घेईन.

अर्धविराम
डोळे झाकू नका ताई 🙂 पण खरंय. बिलांची फाइल असली की त्यावरच्या तारखा आणि किलोमीटर ओळीने चढत गेलेत का बघायचं. मीटर फिरवलेलं तिथे हमखास सापडतं.

किल्लीवाला
अपघाताचं कुणी लिहिलं नाही अजून. बॉनेट आणि फेंडरच्या बोल्टवरचा रंग बघा. कंपनीतून येताना बहुतेक गाड्यांत बोल्टलाही बॉडीचाच रंग असतो. त्याच्या कडा पान्याने खरवडलेल्या दिसल्या तर तो भाग उघडलाय. म्हणजे लगेच वाईट असं नाही, नुसता फेंडर बदलला असेल. पण पुढचा आडवा सपोर्ट, डिकीच्या तळाची जोडणी, दाराचे खांब इथे नवं वेल्डिंग दिसलं तर गाडी जोरात ठोकलेली. रंगाची जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर न्या. मूळ रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास असतो, लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरलेल्या जागी आकडा कित्येक पटींनी वर जातो. यंत्र नसेल तर कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक. जिथे सैल पडेल तिथे खाली लांबी. (ॲल्युमिनियमच्या पत्र्याला मात्र ते चिकटतच नाही, उगाच मालकाशी भांडू नका.)

टकटक
स्कॅनरबद्दल एक (गाडीला जोडून तिच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचायचं यंत्र). माझ्या गाडीत चेक इंजिनचा दिवा नव्हता म्हणून खूश होतो. तिसऱ्या दिवशी लागला. विकायच्या आधी कोड पुसलेले होते. कोड पुसले की गाडीच्या स्वतःच्या तपासण्याही शून्यावर येतात आणि स्कॅनरवर 'पूर्ण नाही' असं दिसतं. बरेच दिवस नीट चालवल्यावरच त्या पूर्ण होतात. तेव्हा नुसते कोड बघू नका, तेही बघा. बॅटरी काढून लावली तरी असं होतं, म्हणून कारण विचारा. आणि चावी ऑन केल्यावर एअरबॅग, एबीएस, इंजिन हे दिवे आधी लागले पाहिजेत, मग विझले पाहिजेत (इंजिनचा गाडी सुरू झाल्यावर). लागलेच नाहीत तर कुणीतरी दिवाच काढलाय.

नवखा_प्रवासी
धन्यवाद मुसाफिर. बायको म्हणतेय गाडी राहू दे, आधी तुझं ड्रायव्हिंग सुधार.

स्पॅनर_दादा
आलो. चालवायला घ्याल तेव्हा गाणी बंद, काचा खाली. मोकळ्या जागी स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा, चाकातून कटकट आली तर एक्सलचा जॉइंट. वरच्या गिअरला कमी वेगात ॲक्सिलरेटर दाबा. आरपीएम चढले आणि गाडी तिथेच, तर क्लच प्लेट गेली. एसी लावून उभं राहा, इंजिन गचके खातंय का, तापमानाचा काटा वर चढतोय का. १०-१५ मिनिटं तरी उभं राहा, लाजू नका.

आणि शेवटी जॅकवर चढवून खालून बघणारा कुणी तरी आपला माणूस हवा. विकणाऱ्याने सुचवलेला नको.

रानजाई
रविवारची हकिगत. सकाळी साडेसातला पोचलो. भाचा थेट स्क्रीनला फोन जोडायला बसला, मी बॉनेटवर हात ठेवला. गार! पहिल्या चावीत सुरू झाली, मी मागे सायलेन्सरजवळ उकिडवी बसले होते, वाफ आली आणि गेली. बेल्ट ओढले, शेवटपर्यंत स्वच्छ. पेडलच्या रेघा शाबूत. उजव्या फेंडरचे बोल्ट मात्र खरवडलेले. मी विचारायच्या आधी गाडीच्या मालकीणकाकूच म्हणाल्या, "गेटला घासली होती माझ्याच हातून," आणि बिल काढून दाखवलं. फाइलमधले किलोमीटर ओळीने चढत गेलेले. ओळखीच्या मेकॅनिकने खालून बघितलं, पुढचे बुश (सस्पेन्शनमधले रबर) गेलेत, बाकी ठीक म्हणाला. बुशचे पैसे काकूंनी कमी केले. घेतली!

तिथून निघताना मी परत एकदा बॉनेटवर हात ठेवला. आता गरम होतं, आणि छान वाटलं.

तिन्हीसांज
अभिनंदन! भाच्याचं आणि मावशीचंही.

कुंदकळी
फोटो टाका की. रंग कुठला?

स्पॅनर_दादा
बरं झालं. ताई, त्या फाइलमध्ये टायमिंग बेल्ट बदलल्याचं बिल होतं का?

रानजाई
थांबा, बघते... नाही दिसत. पण रनिंग ४८ हजारच आहे ना?

स्पॅनर_दादा
पिस्टन आणि व्हॉल्व्हची वेळ जुळवतो तो हा बेल्ट. रबराचा असतो, किलोमीटरबरोबर वर्षंही मोजायची. कंपनीच्या पुस्तकात दोन्ही दिलेलं असतं, जे आधी होईल ते. ११ वर्षं म्हणजे मुदत बहुतेक संपली असणार. तुटला तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात, सगळं हेड उघडावं लागतं. बेल्टऐवजी चेन असेल तर सहसा प्रश्न नाही. आधी पुस्तकात बघा, बेल्ट असेल तर तो बदला, तोवर लांब नेऊ देऊ नका.

रानजाई
बेल्टच आहे. भाचा मित्रांना घेऊन फिरायला निघालाय, फोन लावतेय.

रानजाई
उचलला. वळून येतोय.