मदत हवी आहे: एमएसचं औषध चालू असताना जेसी व्हायरस पॉझिटिव्ह, औषध बदलावं का?

माझ्या धाकट्या बहिणीला मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूवर हल्ला करते. त्यावरचं नॅटालिझुमॅब हे औषध तिला छान लागू पडलंय. सुरू केल्यापासून एकही अटॅक नाही, ती पुन्हा कामावर जायला लागली. आता दोन वर्षं होत आली आणि आधी निगेटिव्ह असलेली जेसी व्हायरसची अँटिबॉडी टेस्ट पॉझिटिव्ह आली. इंडेक्सही (अँटिबॉडी किती आहेत ते सांगणारा आकडा) 1.5 च्या वर, म्हणजे जास्त.

हा व्हायरस निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांच्या अंगात गुपचूप असतो, हे समजलं. पण हे औषध पांढऱ्या पेशींना मेंदूत शिरू देत नाही, म्हणून एमएस शांत राहतो आणि त्याच वेळी तिथला पहाराही उठतो. मग पीएमएल, म्हणजे याच व्हायरसमुळे होणारा मेंदूचा गंभीर, जीवघेणा ठरू शकणारा आजार होऊ शकतो. याच कारणाने 2005 मध्ये हे औषध बाजारातून काढून घेतलं होतं, 2006 मध्ये कडक अटींवर परत आलं. हे वाचल्यापासून माझी झोप उडाली आहे. तिला अजून सगळं सांगितलेलं नाही.

डॉक्टरांनी दोन मार्ग सांगितले: दोन डोसमधलं अंतर चारवरून सहा आठवडे करायचं, किंवा ऑक्रेलिझुमॅब या एमएसच्याच दुसऱ्या औषधावर जायचं. नुसतं बंद करणं नको म्हणाले, कारण काही महिन्यांत एमएस जोरात उसळू शकतो. ऑक्रेलिझुमॅबच्या आधी हिपॅटायटिस बीची तपासणी लागते, कारण जुनं इन्फेक्शन पुन्हा जागं होऊ शकतं. लसीही आधीच उरकायच्या, नंतर त्यांचा परिणाम कमी होतो.

ज्यांनी असा बदल केलाय त्यांना विचारायचंय: मधल्या काळात अटॅक आला का? आधीच्या औषधाचा पीएमएलचा धोका ते थांबवल्यावरही सहा महिने राहू शकतो, तर त्या काळात एमआरआय किती वेळा केला?

आणि मला सगळ्यात जास्त छळणारा प्रश्न. एमएसचा अटॅक आणि पीएमएल घरच्या माणसाने वेगळे कसे ओळखायचे? अटॅक बहुधा काही दिवसांत वाढतो. पीएमएल आठवडे-आठवडे हळूहळू चढतो, स्वभाव बदलतो, बोलताना शब्द अडतात, एका बाजूची ताकद जाते, एवढं कळलंय. पण ती दमली की तशीही अडखळते, चिडते. तुमच्या घरी कुणाला असं झालं असेल, तर सगळ्यात आधी काय खटकलं होतं? आणि किती वाट पाहून डॉक्टरांना फोन केलात?

डॉक्टर बदलायचे नाहीत, त्यांच्यावर विश्वास आहे. पुढच्या भेटीत नेमकं काय विचारू, तेही सुचवा.